उत्तराचें ऋण

शाळेच्या हजेरीपटांत ज्या विद्यार्थ्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण होते, त्याच्याविषयीं शिक्षकाचें काम त्या खुणेनें संपत नाहीं. खरें पाहतां तें तेथून सुरू होतें. मुलगा आजारी आहे काय, परगांवीं गेला आहे काय, कीं घरून निघून शाळेंत पोहोंचलाच नाहीं, ह्याचा तपास केल्यावांचून जो शिक्षक नुसती खूण करून पट मिटतो, त्याला आपण कर्तव्यदक्ष म्हणणार नाहीं. आणि पालकांनीं येऊन "आमचा मुलगा कोठें आहे?" असें विचारलें असतां "तो गैरहजर आहे" एवढेंच त्यानें सांगितलें, तर त्याला उत्तर तरी कोण म्हणेल? पालकांना जें आधींच ठाऊक होतें, तेंच त्यांना परत सांगितल्यासारखें तें झालें.

राज्यकारभारांतही असा एक हजेरीपट असतो. राष्ट्र आपल्या तरुणांना युद्धावर पाठवितें, त्यांच्या नांवांची नोंद ठेवितें, आणि युद्ध संपल्यावर कोण परतला, कोण कामास आला, कोण शत्रूच्या हातीं सांपडला, ह्याचा हिशेब करितें. ह्या हिशेबांत कांहीं नांवें अशीं उरतात कीं, त्यांच्यापुढें ह्या तिहींपैकीं एकही शेरा लिहितां येत नाहीं. त्यांच्यापुढें ‘बेपत्ता’ असें लिहिलें जातें. युद्धाच्या धुमाळींत असें होणें पुष्कळदां अपरिहार्य असतें, हें मान्य. परंतु तो शब्द लिहून पट मिटतां येतो काय, हा खरा प्रश्न आहे. माझें मत असें कीं, येत नाहीं. ज्या सत्तेनें मनुष्याला त्याच्या घरून मागून नेलें, तिच्यावर त्या घराला उत्तर देण्याचें ऋण असतें. आणि केवळ वर्षें लोटल्यानें तें ऋण फिटत नाहीं.

१९७१ च्या डिसेंबर महिन्यांतील भारत-पाकिस्तान युद्ध विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक आहे. ३ डिसेंबरला पश्चिम सरहद्दीवर त्याला तोंड लागलें. १६ डिसेंबरला ढाक्क्यास पाकिस्तानी सेनेनें शरणागति पत्करली. बांगला देश स्वतंत्र झाला, आणि सैनिक व इतर मिळून सुमारें ९३,००० कैदी भारताच्या ताब्यांत आले. पुढें जुलै १९७२ मध्यें सिमल्याचा करार झाला. पश्चिम सरहद्दीवर पकडलेल्या कैद्यांची अदलाबदल १ डिसेंबर १९७२ रोजीं वाघा येथें झाली, आणि त्या दिवशीं सहाशेंहून अधिक भारतीय सैनिक मायदेशीं परतले. १९७४ च्या एप्रिलअखेरपर्यंत भारतानेंही आपल्याकडील उरलेले कैदी परत धाडले. पुस्तकांतलें प्रकरण येथें संपतें. कांहीं घरांतलें प्रकरण मात्र येथेंच सुरू झालें. कारण ज्यांची वाट पाहिली जात होती असे कित्येक जण त्या परतणाऱ्यांत नव्हते.

त्यांपैकीं एक घर मराठी आहे. वायुदलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ह्यांचें विमान ५ डिसेंबर १९७१ रोजीं पश्चिम पाकिस्तानांतील शोरकोट रोड येथील विमानतळावर हल्ला करितांना पडलें. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे ह्या त्या काळच्या नामांकित बॅडमिंटनपटु. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला होता. लग्नाला पुरतीं दोन वर्षेंही झालेलीं नव्हतीं. युद्धाच्या त्याच दिवसांत पूर्व पाकिस्तानांतील एका इंग्रजी वृत्तपत्रानें भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी दिली, आणि तिच्यांत तांबे ह्या आडनांवाशीं जुळणारें एक नांव होतें. बातमी म्हणते, पकडला गेला. परतलेल्या कैद्यांत मात्र तो नाहीं. ह्या दोन गोष्टींचा मेळ कोणीं तरी घालून द्यावा, एवढ्यासाठीं त्या बाईंनीं पुढें कित्येक दशकें मंत्र्यांचे व अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजविले.

अशींच दुसरीं घरें आहेत. मेजर अशोक सूरी कामास आले, असें सरकारनें प्रथम त्यांच्या घरीं कळविलें होतें. पुढें १९७४ च्या अखेरीस व १९७५ मध्यें त्यांच्या वडिलांच्या हातीं पत्रें पडलीं. हस्ताक्षर मुलाचें ठरलें, आणि ‘मृत’ हा शेरा खोडून तेथें ‘बेपत्ता’ असें लिहावें लागलें. अमेरिकेंतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या डिसेंबर १९७१ च्या अखेरच्या अंकांत गजांआड उभ्या असलेल्या एका भारतीय कैद्याचें छायाचित्र आलें. तो आपलाच माणूस, असें मेजर ए. के. घोष ह्यांच्या घरच्यांनीं ओळखून सांगितलें. हे दोघेही परतले नाहींत.

आतां अधिकारपदावरील लोकांनीं ह्या कुटुंबांना काय सांगितलें तें पाहूं. १९७९ मध्यें सरकारनें लोकसभेंत ४० नांवांची यादी ठेविली. पुढें ती वाढून ५४ झाली. तेव्हांपासून संसदेंत हा प्रश्न निघाला म्हणजे, हे लोक पाकिस्तानच्या ताब्यांत असावेत असा आमचा समज आहे, परंतु पाकिस्तान तें कबूल करीत नाहीं, अशा आशयाचें उत्तर मिळत आलें आहे. पाकिस्तानचें म्हणणें असें कीं, असा एकही युद्धकैदी आमच्याकडे नाहीं. १९८३ मध्यें सहा आणि २००७ मध्यें चौदा नातेवाईक पाकिस्तानांतील तुरुंग पाहून आले. माणसें सांपडलीं नाहींत, आणि जें दाखविलें गेलें त्यानें मनाचें समाधानही झालें नाहीं. ह्यावर कळस असा कीं, चंदर सुता डोग्रा ह्या पत्रकार बाईंनीं ह्या विषयावर २०१९ मध्यें पुस्तक लिहिलें, त्या वेळीं वृत्तपत्रांतून अशीही गोष्ट पुढें आली कीं, १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत एका न्यायालयापुढें सरकारनेंच ह्या ५४ पैकीं १५ जण ठार झाल्याची खात्री असल्याचें सांगितलें होतें. तरीही यादी ५४ चीच राहिली!

वाचकहो, ह्या ठिकाणीं क्षणभर थांबून विचार करा. न्यायालयांत ‘ठार’ आणि संसदेंत ‘बेपत्ता’ अशीं दोन उत्तरें एकाच सत्तेच्या मुखांतून निघावींत, आणि त्या पंधरा घरांना आपण कोणत्या उत्तराचे धनी आहों हें कोणीं निश्चित सांगूं नये, ह्याला काय म्हणावें? शत्रूनें सत्य लपविलें असेल; त्याच्या दप्तरावर आपला अधिकार चालत नाहीं. परंतु आपल्याच दप्तरांतील सत्य आपल्याच लोकांपासून दूर राहिलें, तर त्याचा दोष सरहद्दीपलीकडे टाकतां येत नाहीं.

मृत्यूचें दुःख मोठें खरें. परंतु त्याला वाट असते. शेजारीपाजारी येतात, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणें विधि होतो, अश्रूंना निमित्त मिळतें, आणि हळूहळू घर पुन्हां उभें राहतें. बेपत्ता मनुष्याच्या घराला ही वाट बंद असते. दिवसकार्य करावें, तर आपणच त्याला मारल्यासारखें होतें. न करावें, तर जन्मभर देव पाण्यांत ठेवून बसावें लागतें. पत्नीनें कुंकू ठेविलें तरी लोक बोलतात, पुसलें तरी बोलतात. दारावरची कडी वाजली कीं म्हातारी आई उठून बसते. कायद्यानें सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं त्याला मृत समजण्याची सोय करून ठेविली आहे. निवृत्तिवेतन, मालमत्ता, वारसा ह्या व्यवहारांना ती उपयोगी पडते. परंतु ‘समजणें’ आणि ‘कळणें’ ह्या दोन क्रियापदांत जें अंतर आहे, तें त्या आईला कोणत्याही वकिलाहून अधिक चांगलें ठाऊक असतें.

उत्तर न मिळाल्यानें काय होतें, हें महाराष्ट्राला तरी परक्या देशांतून शिकावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या अंताविषयीं सर्वांच्या मनाची खात्री पटेल अशी वार्ता पुण्यास कोणालाच देतां आली नाहीं. पार्वतीबाईंनीं आपलें वैधव्य अखेरपर्यंत मान्य केलें नाहीं. पुढें भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक तोतया उभा राहिला. लोक त्याच्याभोंवतीं जमले, कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि १७७६ मध्यें त्याला देहदंड होईपर्यंत पेशव्यांच्या कारभाऱ्यांना त्याचा घोर लागून राहिला. न. चिं. केळकरांनीं ह्याच प्रकरणावर ‘तोतयाचें बंड’ हें नाटक लिहिलें. ही कथा आपण बहुधा लोकांच्या भोळेपणाची म्हणून सांगतों. मला तिच्यांत राज्यनीतीचा धडा दिसतो. खऱ्या उत्तराची जागा फार काळ रिकामी राहत नाहीं. तेथें खोटें उत्तर येऊन बसतें. आजही बेपत्तांच्या घरीं "मीं त्याला अमक्या तुरुंगांत पाहिला" असें सांगत येणारा मनुष्य खरा आहे कीं लबाड, हें ओळखण्याचें साधन त्या घरापाशीं नसतें. तें साधन सरकारापाशीं असावयास पाहिजे.

ह्या व्यथेवर मनुष्यजातीला उपाय सुचलेलाच नाहीं, असें नव्हे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धांत स्वित्झर्लंडमधील बाझल येथें रेडक्रॉसनें कैद्यांची व जखमींची माहिती घरोघर पोहोंचविण्याची कचेरी उघडली. १९१४ च्या महायुद्धांत तेंच काम जिनीव्हा येथें फार मोठ्या प्रमाणावर झालें, आणि प्रत्येक मनुष्याची एक पत्रिका ह्या पद्धतीनें सुमारें ७० लक्ष पत्रिका तेथें जमल्या. पुढें १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा करारानें हा धर्म राष्ट्रांवर बंधनकारक केला. कैद्याला पकडल्याबरोबर, किंवा छावणींत पोहोंचल्यावर फार तर आठवड्याच्या आंत, घरीं आपली खबर देणारी पत्रिका लिहूं द्यावी. प्रत्येक राष्ट्रानें माहिती देणारी कचेरी ठेवावी. कैदी मेल्यास त्याची व त्याच्या थडग्याची नोंद ठेवावी, अशीं कलमें त्यांत आहेत. भारत व पाकिस्तान ह्या दोघांनींही हा करार १९७१ च्या पुष्कळ आधीं स्वीकारलेला होता. १९७७ मध्यें त्याला जो पुरवणी करार जोडला गेला, त्यांत तर आपल्या आप्तांचें काय झालें हें जाणण्याचा कुटुंबांचा हक्क स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. तो मात्र ह्या दोघांपैकीं एकानेंही अद्याप स्वीकारलेला नाहीं. तेव्हां कुटुंबें जें मागतात तें दयेचें दान नव्हे. सुसंस्कृत राष्ट्रांनीं स्वतःच्या सहीनें मान्य केलेल्या कर्तव्याची ती मागणी आहे.

कोणी म्हणेल, "एकमेकांचें तोंड न पाहणारीं दोन राज्यें असल्या कामांत एकत्र कशीं येतील?" ह्या शंकेला सायप्रस बेटाचें उदाहरण हें उत्तम उत्तर आहे. त्या लहानशा बेटावर १९६३-६४ मधील दंगलींत आणि १९७४ च्या युद्धांत ग्रीक व तुर्की अशा दोन्ही समाजांचीं माणसें नाहींशीं झालीं. त्यांच्या अधिकृत यादींत २,००२ नांवें आहेत. १,५१० ग्रीक समाजाचीं आणि ४९२ तुर्की समाजाचीं. बेट आजही दुभंगलेलें आहे, तह झालेला नाहीं. तरीही १९८१ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें तेथें एक समिति स्थापन झाली. तिच्यांत एक सभासद ग्रीक समाजाचा, एक तुर्की समाजाचा, आणि तिसरा रेडक्रॉसनें निवडलेला तटस्थ असतो. कोणीं मारलें आणि दोषी कोण, हा निवाडा करावयाचा नाहीं. फक्त मनुष्य शोधावयाचा आणि घरीं पोहोंचवावयाचा, अशी तिची मर्यादा आहे.

आरंभींचीं वीसपंचवीस वर्षें ह्या समितीच्या हातून जवळजवळ कांहींच झालें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु ती मोडली नाहीं. २००६ पासून दोन्ही समाजांचे शास्त्रज्ञ एकाच खड्ड्यांत उतरून खोदूं लागले. सांपडलेल्या अस्थींची नातेवाइकांच्या रक्ताशीं तुलना होऊं लागली. आणि २००७ पासून अस्थि घरोघर परत जाऊं लागल्या. आजवर एक हजाराहून अधिक माणसें अशा रीतीनें आपापल्या नांवानें ओळखलीं गेलीं आहेत. त्या घरांत कोणी जिवंत परतला नाहीं. तरी थडग्यावर नांव लिहितां आलें, आणि वाट पाहणें थांबलें.

ह्यावरून आपल्या देशांत काय करावें, ह्याविषयीं माझीं तीन मतें आहेत. पहिलें असें कीं, त्या ५४ नांवांपैकीं प्रत्येकाविषयीं सरकारापाशीं जें कांहीं आहे, म्हणजे पलटणीचा अहवाल, सोबत्यांची साक्ष, विमान पडलेल्या जागेची माहिती, परतलेल्या कैद्यांचे जबाब, तें सर्व त्या त्या कुटुंबापुढें नांववार ठेवावें. मनुष्य त्याच दिवशीं मेला असावा असें कागद सांगत असतील, तर तसें प्रामाणिकपणें लिहून द्यावें. कांहीं कळत नसेल तर काय काय शोधलें तें सांगावें. कटु सत्य पचविण्याचें बळ त्या घरांत नाहीं, असें समजण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. पन्नास वर्षें अनिश्चितता ज्यांनीं पचविली, ते सत्यही पचवितील.

दुसरें असें कीं, सायप्रसप्रमाणें दोषारोप बाजूस ठेवून केवळ शोध करणारें एखादें संयुक्त मंडळ भारत व पाकिस्तान ह्यांनीं नेमावें. ही कल्पना अगदींच आकाशांतली नाहीं. २००८ च्या करारानें दरवर्षीं १ जानेवारी व १ जुलै ह्या दिवशीं हीं दोन राज्यें आपल्या तुरुंगांतील परस्परांच्या नागरिकांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि संबंध अतिशय बिघडलेले असतांनाही ही वहिवाट चालत आली आहे. जिवंतांच्या याद्या देतां येतात, तर हरवलेल्यांच्या कां देतां येऊं नयेत? आणि असें मंडळ झालें, तर पलीकडच्या आईच्या प्रश्नालाही आपण तितक्याच सरळपणें उत्तर दिलें पाहिजे. कारण आईच्या प्रश्नाला सरहद्द नसते.

तिसरें मत आपल्याच घराविषयीं आहे. माणसें युद्धांतच नाहींशीं होतात असें नाहीं. देशांतील अशांततेंतही होतात, आणि तेव्हां प्रश्न ज्याला विचारावयाचा तो अधिकारी स्वकीय असतो. कोणालाही गुप्तपणें नाहींसें करूं नये, आणि झाल्यास शोध घ्यावा, असा करार संयुक्त राष्ट्रांनीं २००६ मध्यें केला. भारतानें २००७ मध्यें त्याच्यावर सही केली. परंतु त्याला कायम मान्यता अद्याप दिलेली नाहीं. दुसऱ्याकडून जें उत्तर आपण मागतों, तें देण्याची तयारी आपल्यांतही असली पाहिजे. तरच आपल्या मागणीला वजन येईल.

ह्यावर आक्षेप येतील. "पन्नास वर्षें झालीं, आतां तें काढून काय उपयोग?" १९७१ मध्यें जे पंचविशीचे होते, ते आज असले तर ऐंशीच्या घरांत असतील, हें खरें. त्यांच्या आईबापांपैकीं बहुतेक उत्तर न मिळतांच गेले असतील. परंतु म्हणूनच घाई केली पाहिजे, टाळाटाळ नव्हे. ज्या सावकाराचा ऋणको धनको मरण्याची वाट पाहतो, त्या ऋणकोला आपण व्यवहारी म्हणत नाहीं, बुडवा म्हणतों. दुसरा आक्षेप असा कीं, असे प्रश्न विचारल्यानें सैन्याचें मनोधैर्य खचेल. मला तर उलटच वाटतें. आपण हरवलों तर आपलें राष्ट्र आपल्याला शेवटपर्यंत शोधील, हा विश्वास ज्या सैनिकापाशीं आहे, त्याचें धैर्य कशानें खचणार?

पालकांना मला एवढेंच विनवावयाचें आहे कीं, आपल्या ओळखींत असें एखादें घर असेल, तर "आतां विसरा" हा उपदेश तेथें करूं नका. अर्ज लिहावयाचा असेल तर लिहून द्या. कचेरींत जावयाचें असेल तर सोबत जा. जुनीं पत्रें व छायाचित्रें जपून ठेवण्यास मदत करा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कित्येक जण उद्यां कारकून, अंमलदार, डॉक्टर, वकील, सैन्यांतले अधिकारी व्हाल. एखाद्या दिवशीं तुमच्या मेजासमोर एक म्हातारी बाई हातांत जुना फोटो घेऊन उभी राहील, आणि आपला मुलगा कोठें आहे असें विचारील. तुम्हांला उत्तर ठाऊक नसणें हा अपराध नव्हे. त्या वेळीं तिला बसावयास सांगा, तिचें म्हणणें तारखेसह लिहून घ्या, दप्तर काढून शोधा, आणि जें सांपडेल तें, गोड असो कीं कडू असो, ठरल्या दिवशीं तिला स्वतः सांगा.